एकाच कागदावरचे दोन निकाल: विस्कॉन्सिन, नोव्हेंबर २०२४

विस्कॉन्सिनमध्ये मतदान अजून बहुतांशी कागदावरच होतं. नावाशेजारचा लंबगोल पेनाने काळा करायचा आणि कागद मोजणीयंत्राच्या फटीत सरकवायचा. ५ नोव्हेंबर २०२४ ला या राज्यात अध्यक्षपदासाठी सुमारे ३४ लाख २३ हजार मतं पडली. त्यात डोनाल्ड ट्रम्प कमला हॅरिस यांच्यापेक्षा २९,३९७ मतांनी पुढे राहिले. त्याच कागदावर थोडं खाली सेनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाची, लढत छापलेली होती. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी बाल्डविन यांनी रिपब्लिकन एरिक हव्डी यांना सुमारे २८,८०० मतांनी मागे टाकलं. मतदार तेच आणि फरकही जवळपास तेवढाच, फक्त उलट्या दिशेने.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे याचा एकच अर्थ लावला गेला: विस्कॉन्सिनच्या काही हजार समंजस मतदारांनी वर ट्रम्प आणि खाली बाल्डविन असं तोलून मापून मत दिलं. असे मतदार होते, नाही असं नाही. पण आकडे जरा उलगडून पाहिले की गोष्ट वेगळी निघते, आणि ती या राज्यातल्या पुढच्या निवडणुकांचे अंदाज बांधायला जास्त उपयोगी पडते. हे टिपण त्यासाठीच.

मराठी वाचकाला असा निकाल नवा नाही. विस्कॉन्सिननंतर पंधराच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, नांदेडमध्ये विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या आणि लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. नांदेडला दोन मतं दोन वेगळ्या यंत्रांवर होती. विस्कॉन्सिनमध्ये एकाच कागदावर. हा फरक वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येईल.

काठावरचं राज्य

विस्कॉन्सिनकडे अध्यक्षपदाची १० इलेक्टोरल मतं आहेत, म्हणजे राज्यवार वाटलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं. संख्या फार नाही. तरी दर चार वर्षांनी सगळं जग मॅडिसन आणि मिलवॉकीकडे डोळे लावून बसतं, कारण इथला निकाल कायम केसाच्या अंतराने लागतो. २००० साली अल गोर इथे ५,७०८ मतांनी जिंकले, २००४ ला जॉन केरी ११,३८४ मतांनी. मधली दोन ओबामांची वर्षं अपवाद: २००८ ला त्यांची आघाडी जवळपास १४ टक्क्यांची होती, २०१२ ला सातेक टक्क्यांची. २०१६ ला ट्रम्प २२,७४८ मतांनी जिंकले, २०२० ला बायडेन २०,६८२ मतांनी, आणि २०२४ ला पुन्हा ट्रम्प. सातांपैकी पाच निवडणुका एका टक्क्याच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराच्या महापालिकेतले दोन-तीन प्रभाग मिळून जेवढे मतदार होतात, तेवढ्यांवर अमेरिकेचा अध्यक्ष ठरतो म्हणा ना.

२०१६ ला उमेदवारी मिळाल्यानंतरच्या प्रचारात डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन विस्कॉन्सिनला एकदाही फिरकल्या नाहीत. ही चूक पक्षाच्या मनात इतकी घर करून बसली की २०२४ ला उमेदवारी हातात येताच हॅरिस यांनी पहिली मोठी सभा २३ जुलैला मिलवॉकीला खेटून असलेल्या वेस्ट ॲलिसमध्ये घेतली. रिपब्लिकन पक्षाने तर आपलं राष्ट्रीय अधिवेशनच जुलैच्या मध्यावर मिलवॉकीत भरवलं. मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी, १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, दोघंही उमेदवार मिलवॉकी परिसरात एकमेकांपासून थोड्याच अंतरावर सभा घेत होते.

या राज्याच्या दोन रीती बाहेरच्या माणसाला चकवतात. पहिली म्हणजे इथे मतदारनोंदणीत पक्ष लिहावा लागत नाही. पेनसिल्व्हेनिया किंवा ॲरिझोनात अमुक पक्षाचे इतके मतदार वाढले, तमुक पक्षाचे इतके घटले अशी गणितं मांडत बसता येतं. विस्कॉन्सिनमध्ये ती सोयच नाही. दुसरी, मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नाव नोंदवता येतं आणि लगेच मत देता येतं. त्यामुळे मतदार किती, हे मतदान संपेपर्यंत पक्कं कळत नाही. मतदानाचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर जातं, २०२४ ला ते ७३ टक्क्यांच्या आसपास होतं. कार्यकर्त्याच्या दृष्टीने ही कठीण जमीन आहे. यादी हाती घेऊन ‘हा आपला, तो त्यांचा’ असं करता येत नाही, दार वाजवून विचारावंच लागतं.

भूगोल थोडक्यात सांगायचा तर असा. राजधानी मॅडिसन ज्या डेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिथे राज्याचं विद्यापीठ, सरकारी कचेऱ्या आणि वाढता आरोग्यतंत्रज्ञानाचा धंदा आहे. तिथे हॅरिस यांना ७५ टक्के मतं मिळाली. मिलवॉकी काउंटीतही डेमोक्रॅट भरभक्कम, पण शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ओबामांच्या काळात दिसलेला उत्साह नंतर परतला नाही. मिलवॉकीला लागून वॉकेशा, ओझॉकी आणि वॉशिंग्टन या तीन काउंट्या. रिपब्लिकनांचा जुना बालेकिल्ला, पण भिंतीला ओल लागलेली. वॉकेशात २०१२ ला मिट रॉम्नी सुमारे ३५ टक्क्यांनी पुढे होते, ट्रम्प यांना २०२४ ला तिथे २० टक्क्यांच्या आसपास आघाडी मिळाली. ही तूट ट्रम्प यांनी पश्चिमेकडच्या खेड्यांतून भरून काढली. मिसिसिपी नदीच्या कडेचा डोंगराळ पट्टा, जिथे हिमयुगातल्या बर्फाचा रोलर कधी फिरला नाही, तिथल्या दूधधंद्यावर जगणाऱ्या गावांनी ओबामांना दोनदा मत दिलं होतं. आता ती बहुतेक ट्रम्प यांची आहेत. परवानाधारक दूध गोठ्यांची संख्या या राज्यात वर्षानुवर्षं घटत ६,००० च्या खाली आली आहे. गोठा मोडला की फक्त गाई जात नाहीत, मागोमाग गावातली शाळा आणि बँकेची शाखाही जाते.

आणि ईशान्येला मिशिगन सरोवरात बोटासारखी शिरलेली डोर काउंटी. २००० पासून २०२० पर्यंत देशात जो जिंकला तोच दर वेळी डोरमध्येही जिंकला. २०२४ ला डोरने हॅरिस यांना मत दिलं आणि ही ख्याती संपवली. अमुक तालुका जिंकला की राज्य जिंकलं असं सांगणारे जाणकार आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी डोर काउंटी बरी आठवण आहे.

निवडणुकीआधी काय दिसत होतं

२ एप्रिल २०२४ च्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरचा ‘कोणालाच कौल नाही’ हा पर्याय सुमारे ४८ हजार लोकांनी निवडला. गाझाच्या युद्धावरून बायडेन यांच्यावरचा राग त्यात मोठ्या प्रमाणावर होता. २०२० ला बायडेन जिंकले ते २०,६८२ मतांनी, म्हणजे नाराजांची संख्या विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. जुलैत बायडेन बाजूला झाले, हॅरिस आल्या, आणि ही नाराजी थोडी ओसरली. पूर्ण नाही.

मग अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांचं नाव. ऑगस्टमध्ये त्यांनी मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवरून आपलं नाव काढा म्हणून न्यायालयात गेले. राज्याचा कायदा सांगतो की एकदा रीतसर उमेदवारी दाखल झाली की फक्त मृत्यू झाला तरच नाव निघतं. नावावर चिकटपट्टी लावा, असाही युक्तिवाद झाला. छापलेल्या लाखो कागदांवर चिकटपट्ट्या आणि मग ते कागद यंत्रातून काढायचे! सप्टेंबरअखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. शर्यतीत नसलेल्या केनेडींना शेवटी साडेसतरा हजारांहून जास्त मतं पडली.

जनमत चाचण्यांचा इथला इतिहास लाजिरवाणा आहे. २०२० च्या ऑक्टोबरअखेर एका राष्ट्रीय चाचणीने बायडेन यांना इथे १७ टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात निघाली पाऊण टक्क्याहूनही कमी. मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची चाचणी या राज्यातली सगळ्यात भरवशाची मानली जाते. तिनेही २०१६ ला क्लिंटन ६ टक्क्यांनी आणि २०२० ला बायडेन ५ टक्क्यांनी पुढे दाखवले होते. २०२४ ला मात्र मार्केटची शेवटची चाचणी अशी होती: हॅरिस ५०, ट्रम्प ४९, बाल्डविन ५१, हव्डी ४९. निकालात ट्रम्प सुमारे ०.९ टक्क्याने जिंकले आणि बाल्डविन तेवढ्याच टक्क्यांनी. माझ्या मते हे चांगलं काम होतं. एका टक्क्याच्या लढतीत विजेता सांगा असं चाचणीला विचारणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलायला लावणं. पण या चाचणीने एक गोष्ट बरोबर टिपली होती: बाल्डविन हॅरिसपेक्षा थोड्या वर आहेत.

दोन उमेदवार, एक तळं

बाल्डविन सेनेटवर पहिल्यांदा निवडून आल्या त्या २०१२ ला. तेव्हा त्यांनी टॉमी थॉम्पसन यांच्यासारख्या चार वेळा गव्हर्नर झालेल्या नेत्याला हरवलं आणि आपली समलैंगिक ओळख उघड ठेवून सेनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या ठरल्या. मॅडिसनच्या डाव्या वळणाच्या बाईंना खेड्यात कोण विचारणार, असं तेव्हा म्हणत. बाईंनी खेडं सोडलं नाही. बदाम-ओट्सच्या पांढऱ्या पाण्याला ‘दूध’ म्हणू देऊ नका असा कायदा त्यांनी सेनेटमध्ये पुन्हा पुन्हा मांडला. वॉशिंग्टनमध्ये या विषयावर हसणारे असतील, विस्कॉन्सिनच्या गोठ्यात कोणी हसत नाही. सरकारी पैशातून होणाऱ्या कामांत अमेरिकी लोखंडच वापरा, हाही त्यांचा जुना हेका. २०२४ ला विस्कॉन्सिन फार्म ब्युरोच्या राजकीय शाखेने त्यांना पाठिंबा दिला. राज्यपातळीवरच्या लढतीत डेमोक्रॅटला असा पाठिंबा मिळून वीस वर्षं उलटून गेली होती.

हव्डी मॅडिसनचेच. बांधकाम आणि बँकिंगमधले श्रीमंत गृहस्थ. २०१२ ला याच जागेसाठी ते रिपब्लिकन प्राथमिक फेरीत उतरून थॉम्पसन यांच्याकडून हरले होते. त्यांच्या बँकेचा धंदा कॅलिफोर्नियात होता आणि लगुना बीचला समुद्राजवळ घर. डेमोक्रॅटांनी पहिल्या दिवसापासून ‘कॅलिफोर्नियाचा बँकर’ ही चिठ्ठी त्यांच्या पाठीवर डकवली. ती काढायला हव्डी फेब्रुवारीच्या थंडीत मॅडिसनच्या मेंडोटा तळ्यात उघड्या अंगाने उतरले आणि तिथून चित्रफीत काढून बाल्डविन यांना आव्हान दिलं, या की तुम्ही पण. तळ्यात उतरून माणूस गावचा होत नाही, पण चित्रफीत गाजली. प्रचारात त्यांनी पदरचे कोट्यवधी डॉलर घातले. पुढे वृद्धाश्रमातल्या माणसांना मतदान करण्याची समज कितपत असते अशा अर्थाचं ते एकदा बोलून गेले आणि ते वाक्य शेवटपर्यंत त्यांना नडत राहिलं. ज्या राज्यात म्हातारी माणसं हमखास मतदान करतात तिथे असं बोलायचं नसतं, हे कुठल्याही ग्रामपंचायत सदस्याने त्यांना सांगितलं असतं.

ट्रम्प यांचा हव्डींना पाठिंबा होता. सभांमध्ये नाव घेतलं जात होतं. तरीही काय झालं, ते आता आकड्यांत पाहू.

बेरीज-वजाबाकी

हॅरिस यांना सुमारे १६ लाख ६८ हजार मतं, बाल्डविन यांना सुमारे १६ लाख ७३ हजार. म्हणजे बाल्डविन यांनी हॅरिसपेक्षा जेमतेम साडेचार हजार मतं जास्त घेतली. ट्रम्प यांना सुमारे १६ लाख ९८ हजार, हव्डी यांना सुमारे १६ लाख ४४ हजार. इथे तूट जवळपास ५४ हजारांची.

ही ५४ हजार मतं बाल्डविनकडे गेली असती तर बाल्डविन हॅरिसच्या कितीतरी पुढे दिसल्या असत्या. तशा दिसत नाहीत. मग गेली कुठे? अध्यक्षपदासाठी जितकी मतं पडली त्यापेक्षा सेनेटसाठी सुमारे ३२ हजार कमी पडली. एवढ्या लोकांनी वरचं नाव भरलं आणि सेनेटची ओळ कोरी सोडून कागद सरकवून दिला. शिवाय सेनेटला दोन मुख्य पक्षांबाहेरच्या उमेदवारांना अध्यक्षपदाच्या तुलनेत सुमारे १७ हजार मतं जास्त मिळाली. ३२ आणि १७ मिळून ४९, त्यात बाल्डविनचे साडेचार. हिशेब जुळतो.

इथे एक सावधगिरी हवी. हे निव्वळ आकडे आहेत, एकेका मतदाराचा माग नव्हे. कोणी हॅरिसला मत देऊन हव्डीकडे गेला असेल, कोणी उलट. अशा फेऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि आपल्याला फक्त शिल्लक दिसते. पण शिल्लक बोलकी आहे. बाल्डविन मुख्यतः ट्रम्पसमर्थकांना आपल्याकडे वळवून जिंकल्या नाहीत. ट्रम्पसाठी आलेल्या काही हजार माणसांना खालच्या ओळीत रसच नव्हता, म्हणून त्या जिंकल्या.

आता तो एकाच कागदाचा मुद्दा. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. वर एक गोळा भरला की खालच्या सगळ्या जागांना तोच पक्ष. २०११ साली रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने मतदार ओळखपत्राचा कायदा केला, त्यातच ही सोय काढून टाकली. तेव्हा समज असा की या सोयीचा फायदा डेमोक्रॅटांना, विशेषतः शहरांत आणि विद्यापीठांच्या परिसरात होतो. तेरा वर्षांनी ट्रम्प यांच्या नावापुढे खूण करून निघून जाणाऱ्या मतदाराला ती सोय असती तर हव्डींचं काय झालं असतं, हा विचार मला तरी टाळता येत नाही. सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण ३२ हजार कोऱ्या ओळींपुढे २८,८०० चा फरक ठेवून पाहा.

तिसऱ्या उमेदवारांचीही गंमत आहे. सेनेटच्या लढतीत ‘अमेरिका फर्स्ट’ अशी पाटी लावून थॉमस लीगर उभे होते. त्यांना साडेअठ्ठावीस हजारांहून जास्त मतं मिळाली, म्हणजे बाल्डविनच्या आघाडीला जवळपास चिकटून. ट्रम्प यांची घोषणाच ज्याच्या पक्षाचं नाव, तो उमेदवार कोणाची मतं खाणार हे सांगायला नको. निकालानंतर हव्डी यांनीही याकडे बोट दाखवलं. सारख्या नावाचा अपक्ष उभा करण्याची विद्या आपल्याकडे घराघरात माहीत आहे, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही.

रात्रीची मोजणी

मिलवॉकी शहरात टपालाने आणि आगाऊ आलेली मतं एका मध्यवर्ती ठिकाणी मोजतात. कायद्याने ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. त्यामुळे लाखभर पाकिटं एका दिवसात उघडायची, तपासायची, यंत्रातून काढायची. निकाल मध्यरात्रीनंतर येतो आणि तोवर पुढे असलेला रिपब्लिकन उमेदवार अचानक मागे पडतो. दर निवडणुकीत हेच, आणि दर निवडणुकीत संशयाचं मोहोळ उठतं. आदल्या सोमवारी पाकिटं उघडायची मुभा देणारं विधेयक असेंब्लीत (राज्य विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात) मंजूर झालं होतं, राज्याच्या सेनेटमध्ये अडून मेलं. त्यात भर म्हणून २०२४ ला मतदानाच्या दिवशी दुपारी असं लक्षात आलं की तिथल्या मोजणीयंत्रांची दारं नीट बंद केलेली नव्हती. गडबड झाल्याचा पुरावा नव्हता, तरी शंका नको म्हणून ३१ हजारांच्या आसपास मतपत्रिका पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. निर्णय योग्य होता. उशीर आणखी वाढला.

हव्डींनी लगेच हार मानली नाही. आठवड्याने चित्रफीत काढून मिलवॉकीच्या उशिरा आलेल्या मतांवर शंका घेतली. फरक एक टक्क्याच्या आत असल्याने फेरमोजणी मागण्याचा त्यांना हक्क होता, पण पाव टक्क्याच्या वर असल्याने खर्च स्वतःला भरावा लागला असता. शेवटी १८ नोव्हेंबरला त्यांनी पराभव मान्य केला. फेरमोजणीने काय होतं याचा दाखला समोर होताच. २०२० ला ट्रम्प यांच्या मोहिमेने सुमारे ३० लाख डॉलर भरून फक्त मिलवॉकी आणि डेन या दोन काउंट्यांची फेरमोजणी करून घेतली. बायडेन यांची आघाडी कमी व्हायची सोडून ८७ मतांनी वाढली.

अमेरिकी काँग्रेसच्या आठ जागा

काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद. तिच्या खालच्या सभागृहातल्या, प्रतिनिधीगृहातल्या, विस्कॉन्सिनच्या आठपैकी सहा जागा रिपब्लिकनांकडे आणि दोन, मॅडिसन व मिलवॉकीच्या, डेमोक्रॅटांकडे. २०२४ नंतरही तेच. निम्मं निम्मं असलेल्या राज्यात सहाला दोन का? एक कारण डेमोक्रॅट मतदार दोन शहरांत दाटीने राहतात, दुसरं मतदारसंघांच्या रेषा. राज्याच्या विधिमंडळाच्या रेषा राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवल्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी नव्या नकाशावर सही केली, आणि त्याच नोव्हेंबरात डेमोक्रॅटांनी असेंब्लीत दहा जागा कमावल्या. ९९ पैकी रिपब्लिकन ५४, डेमोक्रॅट ४५. पण काँग्रेसच्या रेषांना हात लावायला न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये नकार दिला. एकाच राज्यात, एकाच वर्षी एक नकाशा नवा, एक जुना: रेषांचा परिणाम पाहायचा असेल तर याहून स्वच्छ प्रयोग मिळणार नाही.

खरी चुरस होती तिसऱ्या मतदारसंघात, पश्चिमेकडे मिसिसिपीकाठी. नौदलाच्या खास तुकडीतून निवृत्त झालेले डेरिक व्हॅन ऑर्डन यांच्यासमोर डेमोक्रॅटिक रिबेका कूक. व्हॅन ऑर्डन सुमारे ११ हजार मतांनी जिंकले, पण त्याच मतदारसंघात ट्रम्प यांची आघाडी त्याहून ठळकपणे मोठी होती. पुन्हा तेच: वरचं नाव पुढे, खालचं मागे. कूक यांनी २०२६ साठी पुन्हा शड्डू ठोकला आहे.

वरची ओळ नसते तेव्हा

१ एप्रिल २०२५ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. विस्कॉन्सिनमध्ये न्यायमूर्ती लोक निवडतात. उदारमतवाद्यांच्या सुझन क्रॉफर्ड विरुद्ध पुराणमतवाद्यांचे ब्रॅड शिमेल. ईलॉन मस्क यांनी आणि त्यांच्या संघटनांनी शिमेल यांच्यासाठी दोन कोटी डॉलरांहून जास्त ओतले, ग्रीन बेच्या सभेत दोन मतदारांना दहा दहा लाख डॉलरांचे धनादेश वाटले. क्रॉफर्ड १० टक्क्यांनी जिंकल्या.

पण टक्के बाजूला ठेवून मतं मोजू. हॅरिस यांना पाच महिन्यांपूर्वी मिळालेल्या दर शंभर मतांमागे क्रॉफर्ड यांना ७८ मिळाली. ट्रम्प यांच्या दर शंभरांमागे शिमेल यांना ६३. नोव्हेंबरात सेनेटची ओळ कोरी सोडणारा मतदार एप्रिलमध्ये घराबाहेरच पडला नाही, असं मी या दोन आकड्यांवरून समजतो. आणि हे राज्य एकाएकी डावं झालं असंही नव्हे, कारण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी मतदानासाठी ओळखपत्राची अट राज्यघटनेत घालायला ६३ टक्क्यांनी होकार दिला.

उलट उदाहरणही आहे, ते लपवणं बरं नाही. नोव्हेंबर २०२२ ला ट्रम्प मतपत्रिकेवर नव्हते, तरी रिपब्लिकन सेनेटर रॉन जॉन्सन २६,७१८ मतांनी निवडून आले. त्याच दिवशी गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट एव्हर्स सुमारे ९० हजारांनी जिंकले. तेव्हा कोऱ्या ओळींपेक्षा उमेदवार जड ठरला: जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी मँडेला बार्न्स यांच्यावर गुन्हेगारीच्या मुद्द्यावरून जाहिरातींचा भडिमार झाला होता, आणि एव्हर्स यांचा मास्तरकी स्वभाव खेड्यातल्या मतदारालाही खुपत नाही. म्हणजे माझं गणित सगळीकडे लावायला गेलं तर फसेल. ते लागू पडतं ट्रम्प मतपत्रिकेवर असतात तेव्हा, आणि ट्रम्प नसलेल्या, कमी मतदानाच्या लढतींत.

२०२६ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या कागदावर अध्यक्षपद नाही आणि सेनेटही नाही. वर गव्हर्नरपद, तेही मोकळं, कारण एव्हर्स यांनी जुलै २०२५ मध्येच तिसऱ्यांदा लढणार नसल्याचं जाहीर केलं. खाली व्हॅन ऑर्डन यांची जागा. तिथे पाहायचं ते इतकंच की पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांतून ट्रम्पसाठी आलेली माणसं व्हॅन ऑर्डनसाठी येतात का.

आणि २०२८ ला पुन्हा एका कागदावर दोन ओळी. वर अध्यक्षपद, ज्यात राज्यघटनेनुसार ट्रम्प यांचं नाव असणार नाही. खाली रॉन जॉन्सन यांची सेनेटची जागा. २०२४ ला वरचा लंबगोल काळा करून कागद सरकवून गेलेल्या त्या ३२ हजारांना त्या दिवशी वरची ओळ तरी ओळखीची वाटेल का, हे दोन्ही पक्षांचे लोक आतापासून दारोदार विचारत फिरणार आहेत.